अ‍ॅनचं बोट

लंडनच्या नॅशनल गॅलरीत लिओनार्दोच्या त्या मोठ्या चित्रासमोर मी पुन्हा पुन्हा जाऊन उभी राहते. आठ कागद जोडून कोळशाने आणि खडूने काढलेलं, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचं. मेरी, बाळ येशू, छोटा जॉन आणि आजी अ‍ॅन. कागद जपायचा म्हणून उजेड मंद. चेहऱ्यांवर सावली इतकी मऊ उतरलीये, की रेघ कुठे संपते कळतच नाही. पण अ‍ॅनचा वर बोट दाखवणारा हात? नुसती बाह्यरेषा. बाळाला देह मिळाला, देवाकडे खुणावणारा हात कोराच. मला तो अपुरा वाटत नाही.

“देव कसा दिसतो गं?” विचारलं की माझी आजीही देव्हाऱ्यापुढे बोट वर करून गप्प बसायची. ती उत्तर टाळतेय असं वाटून मी रुसायचे.