थोडं थांबूया

मुंबईतल्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा ठिपका. ही कुठली चिमणी? मामांनाही ठाऊक नव्हतं. पण ते थांबले. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथले मिलार्ड नावाचे साहेबही थांबले. त्यांनी एकेक खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे पुढचे पक्षीतज्ज्ञ सालिम अली.

मला कौतुक मामांचं वाटतं. स्वतः शिकारी माणूस! उत्तर ठाऊक नसलं तरी चालतं, थांबावं मात्र लागतं.

शाळेच्या वाटेवर मूल मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवं बसतं. आपण हात ओढतो. ‘चल, उशीर होतोय!’ होतो, खरंच होतो. तरी आज थोडं थांबा. मुंग्या कुठे निघाल्यात, ते त्यालाच विचारा.