हातून पुसलें गेलेलें

आपल्या हातून एखादी वस्तु नाहींशी झाली म्हणजे ती परत मिळविण्यासाठीं तत्काळ धडपडणें हें कर्तव्यच होय, असें आपण सारे धरून चालतों. ही समजूत किती अपुरी आहे, हें संगणकावरील फाइल चुकून पुसली जाण्याच्या साध्या प्रकारांत उत्तम दिसतें.

युनिक्स व तिच्या वळणाच्या लिनक्ससारख्या प्रणालींत फाइलचें नांव एका ठिकाणीं आणि मजकूर दुसऱ्या ठिकाणीं असतो. दोहोंना जोडणाऱ्या नोंदीस आयनोड म्हणतात. ‘आरएम’ ही आज्ञा दिली कीं नांव काढलें जातें व मजकुराची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. ग्रंथालयाच्या सूचींतील पत्रिका फाडावी आणि ग्रंथ फळीवरच राहावा, तसें हें आहे. नवा मजकूर ती जागा व्यापीपर्यंत जुनी अक्षरें बहुधा तेथेंच असतात. म्हणून जाणते सांगतात कीं, त्या डिस्कवर एक अक्षरही लिहूं नका. तिची हुबेहूब प्रत दुसरीकडे घ्या आणि शोध त्या प्रतींत करा.

आमच्या परिचयाच्या, चामटोलीस राहणाऱ्या एका तरुणानें आजीच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या टिपून ठेविल्या होत्या. एका चुकीच्या आज्ञेसरशी त्या गेल्या. त्यानें लागलीच फाइली परत मिळवून देणारा प्रोग्राम त्याच डिस्कवर उतरवून घेतला, आणि त्या प्रोग्रामानेंच कांहीं ओव्यांची जागा व्यापिली. आजी तर आधींच निवर्तली होती.

पहिला नाश अपघातानें झाला. त्याबद्दल कोण कोणास दोष देईल? दुसरा मात्र प्रेमापोटीं झाला, आणि आमच्या मतें दोष असलाच तर तेथें आहे. त्या घाईनें ओव्यांचें हित साधावयाचें नव्हतें. हातून घडलेल्या गोष्टीचा सल क्षणभर तरी शमवावयाचा होता. पश्चात्तापास कांहीं तरी करीत राहणें आवडतें.

थांबण्याचें मोल चामटोलीच्या आसपास एकदां सर्वांनीं पाहिलेलें आहे. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली. गाडींतून उतरूं नका, अशी विनंती रेल्वेनें उतारूंना केली. पुढें होड्यांतून सुमारें १,०५० माणसें सुखरूप बाहेर आलीं. खिडकीबाहेर पाणी दिसत असतां बसून राहणें सोपें नव्हे.

तथापि स्वस्थ बसणें म्हणजेच शहाणपण, असेंही नाहीं. पुसलेली फाइल एखाद्या चालू प्रोग्रामानें उघडी धरिली असेल, तर तिचा मजकूर अजून शाबूत असतो व ‘प्रोक’ निर्देशिकेच्या वाटेनें नकलून घेतां येतो. अशा वेळीं घाबरून यंत्र बंद करणें म्हणजे उरलेला दोर आपणच कापणें. उलट, कित्येक नव्या एसएसडी डिस्का मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करूं लागतात. तेथें विलंबच घातक. केव्हां हात आवरावा व केव्हां चालवावा, हें अंतःकरणाच्या शुद्धतेवरून कळत नाहीं. समोरची वस्तु कशी आहे हें जाणावें लागतें. सद्धेतूचें कौतुक करणाऱ्या आमच्या समाजास हें रुचणार नाहीं, पण त्यास आमचा इलाज नाहीं.

त्या तरुणाच्या ओव्यांपैकीं कांहीं मिळाल्या. एक्स्ट-४ या प्रचलित रचनेंत फाइल पुसतांना आयनोडांतील मजकुराचा ठावठिकाणाही कोरा होतो. म्हणून फोटोरेकसारखा प्रोग्राम जें हुडकून काढतो त्यास नांवें नसतात, केवळ आंकडे असतात. अशा शेंकडों निनांवी तुकड्यांतून आजीचें कोणतें आणि वीजबिलाचें कोणतें, हें तो अजून एकेक वाचून वेगळें करीत आहे.