चुलीचें ऋण

गृहस्थाच्या घरांत पांच ठिकाणें अशीं आहेत कीं, जेथें त्याच्या हातून न कळत हिंसा घडते, असें आमच्या धर्मशास्त्रकारांनीं सांगून ठेवलें आहे. चूल, जातें, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा हीं तीं ठिकाणें. त्यांना पंचसूना असें नांव आहे. सूना म्हणजे खाटकाची जागा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत हा विचार आलेला असून या दोषाच्या निरसनासाठीं गृहस्थानें नित्य पंचमहायज्ञ करावे, असें तेथें सांगितलें आहे. विद्यार्थिदशेंत आम्हीं या कल्पनेची यथेच्छ थट्टा केली. चुलींत चार मुंग्या जळाल्या म्हणून भात रांधणारी बाई खाटकाच्या पंक्तीला बसवावी, हा शास्त्रकारांचा निव्वळ काथ्याकूट आहे असें आम्हांला वाटे. आतां तसें वाटत नाहीं. मनुष्यजातीनें गेल्या दोनशें वर्षांत वातावरणाचें जें केलें आहे त्याचा नैतिक विचार करूं लागलें म्हणजे इतर मापें अपुरीं पडतात, आणि हें जुनें माप मात्र बरेंचसें बसतें.

वस्तुस्थिति प्रथम पाहूं. सूर्याचा प्रकाश हवेंतून सुखानें खालीं येतो. पण तापलेली जमीन जी उष्णता परत आकाशांत धाडते ती सर्वच निसटूं शकत नाहीं. पाण्याची वाफ आणि कर्बवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तिला वाटेंत अडवतात. जॉन टिंडल यानें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें 1859 सालीं प्रयोग सुरू करून हें दाखवून दिलें. हा अडसर नसता तर पृथ्वी गोठून गेली असती. तेव्हां कर्बवायु मूळचा शत्रु नव्हे, प्रश्न प्रमाणाचा आहे. ध्रुवप्रदेशाच्या बर्फांत कोंडलेल्या जुन्या हवेवरून असें ठरलें आहे कीं, कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारें 280 भाग होते. चार्ल्स कीलिंग यानें 1958 सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हां ते 315 च्या आसपास होते. 2024 सालीं ते 420 च्याही वर गेले. ही भर मनुष्याचीच कशावरून, असें विचारणाऱ्यालाही उत्तर आहे. किरणोत्सर्गी कर्ब काळानें क्षीण होत जातो, म्हणून कोट्यवधि वर्षें पुरलेल्या कोळशांत तो उरतच नाहीं. आणि हवेंतील त्याचें प्रमाण या जुन्या कर्बाच्या मिसळीमुळें पातळ होत गेलें, हें हान्स स्यूस यानें 1955 सालीं झाडांच्या खोडावरून दाखविलें. चोराच्या पावलांचा ठसा याहून स्पष्ट तो काय असावा?

1859 हें साल मोठें चमत्कारिक म्हटलें पाहिजे. त्याच वर्षीं पेनसिल्व्हेनियांत ड्रेकच्या विहिरीला तेल लागलें, आणि त्याच वर्षीं मिलचा स्वातंत्र्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. दुसऱ्यास इजा होत नसेल तर प्रत्येकास आपल्या मनाप्रमाणें वागूं द्यावें, हें त्या निबंधाचें सूत्र आम्ही तीस वर्षें वर्गांत सांगत आलों आहों, आणि आजही तें आम्हांला प्रिय आहे. परंतु आमच्या घरांतील दिव्यानें अमक्यास इजा झाली असें कोण दाखवूं शकेल? इजा होते ती कोट्यवधि दिव्यांच्या बेरजेनें, आणि बेरजेवर खटला भरण्याची सोय मिलच्या न्यायासनापुढें नाहीं. कांटकडे जावें तर तो हेतु तपासतो. दिवा लावणाऱ्याचा हेतु मुलाचा अभ्यास व्हावा, आजाऱ्याला वारा मिळावा, इतकाच! सर्वच जण असें वागूं लागले तर काय होईल, ही कांटची दुसरी कसोटी येथें लागू पडते खरी. पण ती लावली तर कोणीच दिवा लावूं नये असें निष्पन्न होतें, आणि तें पाळणें शक्य नाहीं. पंचसूनेच्या विचारांत आम्हांला जें मोल दिसतें तें हेंच. चूल विझवा, असें शास्त्रकार म्हणत नाहींत. तूं गुन्हेगार आहेस असेंही म्हणत नाहींत. नुसत्या जगण्यानें तुझ्या खात्यावर रोज कांहीं चढतें, एवढेंच ते सांगतात.

मात्र जें दिसतें तेंच मनुष्याला सलतें. मुंबईंत 1854 पासून गिरण्या उभ्या राहूं लागल्या, धुराड्यांनीं आकाश काळें झालें, आणि अखेरीस 1912 सालीं मुंबई इलाख्यांत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. बंगालमध्यें तो 1905 सालींच झाला होता. या कायद्यांची दृष्टि धुराच्या काळेपणावर होती. कोळसा नीट जळाला कीं धूर निवळतो. पण कोळसा जितका पूर्ण जळावा तितका त्याचा कर्बवायु अधिक होतो, आणि त्याला ना रंग, ना वास. स्वच्छ धुराडें पाहून शेजारी संतुष्ट, निरीक्षक संतुष्ट.

अज्ञानानें घडलेलें पातक आणि जाणून केलेलें पातक यांत आमचे स्मृतिकार भेद करतात, आणि तो योग्यच आहे. स्टीफन्सनला किंवा आमच्या पहिल्या गिरणीमालकांना कोणी दोष देणार नाहीं. स्वीडनच्या आऱ्हेनियस यानें 1896 सालीं कागद-पेन्सिल घेऊन कर्बवायूच्या वाढीनें पृथ्वी किती तापेल याचें गणित मांडलें. पण थंडीनें गारठणाऱ्या त्या देशांतील त्या सज्जनाला ही ऊब पुढील पिढ्यांना सुखाचीच होईल असें वाटलें. गणित बरोबर आणि निवाडा चुकीचा, असा हा प्रकार. त्यालाही आम्ही क्षमा करूं. परंतु अज्ञानाला मुदत असते. कीलिंगची रेषा वर्षामागून वर्ष चढतांना सर्वांनीं पाहिली, 1992 सालीं रिओ येथें राष्ट्रांनीं करारावर सह्या केल्या, आणि त्यानंतरही ती चढतच राहिली. त्या सालानंतर जो कोळसा जळला त्याला अकामतः घडलेलें पाप म्हणण्याचें धैर्य आमच्यापाशीं नाहीं.

येथें एक भेद विसरूं नये. लाकडाच्या चुलीचा धूर रांधणारीच्या छातीला घातक आहे, हें खरें; पण तोडलेल्या झाडाजागीं झाड वाढलें तर तोच कर्ब तें परत शोषून घेतें. चांद्याकडे, वर्धेच्या खोऱ्यांत जो कोळसा निघतो तो पंचवीस कोटी वर्षांहूनही जुन्या अरण्यांचा. ती ठेव एका शतकांत उधळल्यावर परत कोण ठेवणार?

मग दोष कोणाचा किती? भारतांत दरडोई वर्षाला सुमारें दोन टन कर्बवायु हवेंत जातो, अमेरिकेंत सुमारें चौदा. आमचे प्रतिनिधि हा हिशेब परिषदांतून मांडतात तें न्याय्यच आहे. तथापि या दोन टनांच्या सरासरीच्या आड कोण उभा आहे, हेंही पाहावें. नंदुरबारच्या डोंगरांत काटक्या वेंचणारी बाई त्या सरासरींत आहे, आणि दोन मोटारी बाळगून प्रत्येक खोलींत गारवा खेळविणारा आमचा मध्यमवर्गीयही आहे. आपली चूल मोठी असतां तिच्या चुलीच्या सावलींत बसणें आम्हांला लाजिरवाणें वाटतें. 2020 च्या जूनमध्यें निसर्ग चक्रीवादळानें श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. एकाच वादळाचें खापर कर्बवायूवर फोडणें शास्त्रीय नव्हे. पण तापलेला समुद्र वादळांना बळ देतो हें निश्चित, आणि लावलेली सुपारी फळावर येण्यास कित्येक वर्षें जातात. त्या वाडीवाल्यानें आमच्याइतकें खचितच जाळलें नसेल.

पंचमहायज्ञांत ऋषि, देव, पितर, भूतें आणि अतिथि यांचा वांटा काढलेला आहे; पुढें जन्मणाऱ्यांचा कोठेंच नाहीं. आणि हवेंत सोडलेल्या कर्बवायूचा बराच भाग शतकानुशतकें तेथेंच राहत असल्यामुळें आमच्या चुलीचा मोठा बळी तेच आहेत. ही शंका आम्हीं परवां आमच्या एका वैदिक स्नेह्यांपुढें ठेवली. ते प्रथम हसले. जो जन्मलाच नाहीं त्याचें ऋण तें कसलें, असें म्हणाले. थोड्या वेळानें मात्र त्यांनीं आपण होऊन सांगितलें कीं, तर्पणाच्या शेवटीं आपल्या कुळांत जे निपुत्रिक वारले त्यांच्यासाठीं वस्त्र पिळून पाणी सोडतात, आणि त्यांचीं नांवेंही सोडणाऱ्यास ठाऊक नसतात. “पण ते मागचे झाले,” आम्ही म्हणालों. “होय, मागचे खरे,” असें म्हणून ते वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहत बसले. वैशाखाची दुपार होती. पंखा बंद करा, असें त्यांनींही म्हटलें नाहीं, आणि आम्हींही उठून तो बंद केला नाहीं.