निवृत्ताचे ऋण

निवृत्ती हा शब्द आपण हल्ली फार स्वस्त केला आहे. कारकून ठरलेल्या वयास कचेरीतून घरी आला म्हणजे तो निवृत्त झाला, असे आपण म्हणतो. वास्तविक त्याची सुटलेली असते ती नोकरी, वृत्ती नव्हे. प्रवृत्ती आणि निवृत्ती ही जोडी ज्यांनी योजिली, त्यांच्या मनात पेन्शनीचा विचार खास नव्हता. तथापि शब्द आता याच अर्थाने रूढ झाला आहे, आणि त्यातूनच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याने आपल्या वाट्याचे काम संपविले, त्याला एखाद्या दिवंगत पुढाऱ्याचा वारसा जतन करण्यासाठी पुन्हा कामास जुंपण्याचा अधिकार समाजास आहे काय? असल्यास, त्याने जतन करावयाचे ते नेमके काय?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकवून मी मुदतीपूर्वीच निवृत्ती घेतली व सावद्यास वडिलोपार्जित घरी येऊन राहिलो. सकाळी केळीच्या बागेत फिरावे, सायंकाळी ओसरीवर वाचीत बसावे, एवढाच संकल्प होता. अशात गावचे चार गृहस्थ एक लोखंडी पेटी घेऊन आले. तीत आमच्या भागातील एका दिवंगत पुढाऱ्यांची पत्रे व टिपणे होती. १९३६ च्या डिसेंबरात येथून जवळच फैजपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. ते पाहून ज्यांच्या आयुष्यास वळण लागले, त्यांपैकी हे एक. माझी कॉलेजची फी त्यांनीच भरली होती. “सर, हे काम तुमच्याशिवाय कोण करणार?” असे मंडळींनी म्हटल्यावर मला नाही म्हणवेना.

ऋण ही कल्पना आपल्या रक्तातच आहे. पितृऋण, ऋषिऋण यांची फेड वयाकडे पाहून थांबत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला सोपे वाटते: ज्याच्यापाशी आठवण आहे आणि ती मांडण्याची शक्ती आहे, त्याने स्वस्थ बसणे ही कृतघ्नता होय. परंतु खरा पेच दुसऱ्या प्रश्नात आहे. ऋण कोणाचे? नावाचे की माणसाचे?

राम प्रधान यांचे उदाहरण घ्या. १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, तेव्हा प्रधान त्यांचे खाजगी सचिव होते. पुढे केंद्रीय गृहसचिव आणि अरुणाचल प्रदेशचे राज्यपाल ही पदे भूषवून ते मोकळे झाले. चव्हाण १९८४ सालीच निवर्तले होते. प्रधानांना कोणी जाब विचारणारे नव्हते. तरीही त्यांनी चव्हाणांच्या त्या कारकीर्दीवर ग्रंथ लिहिला, आणि १९६५ च्या युद्धकाळातील त्यांची रोजनिशी २००७ मध्ये पुस्तकरूपाने वाचकांपुढे ठेविली. एका बिकट दिवशी सरसेनापतींचे मन साशंक झाल्याची नोंदही तीत आहे. विजयाच्या कथेत अशी ओळ शोभत नाही. पण ती राहिली म्हणूनच त्या घटकेला मंत्र्याला किती धीर धरावा लागला, ते आपणांस कळते.

दुसरे उदाहरण माझ्याच व्यवसायातील. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झालेले इंग्रजीचे प्राध्यापक के. स्वामिनाथन यांनी १९६० मध्ये, वयाची साठी ओलांडल्यावर, महात्मा गांधींच्या समग्र वाङ्मयाचे मुख्य संपादकत्व स्वीकारले. १९५८ मध्ये आरंभिलेली ही माला १९९४ मध्ये शंभराव्या खंडाने पूर्ण झाली. पुढे तिची एक ‘सुधारलेली’ आवृत्ती निघाली. तीत मूळचा काही मजकूर गळाल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आणि अखेर सरकारला ती मागे घ्यावी लागली. निष्ठेने जोडलेले निष्काळजीपणाने कसे तुटते, याचा हा धडा आहे.

आमच्या पेटीतही तसाच एक कागद निघाला. तुरुंगातील एका सोबत्याच्या पश्चात त्याच्या पत्नीस आधार देण्याचे वचन या गृहस्थांनी दिले होते. सभा, संस्था आणि निवडणुका यांच्या गर्दीत ते पाळले गेले नाही. वृद्धापकाळी एका मित्रास लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे स्वतःच कबूल केले आहे. मंडळींचे म्हणणे, एवढे पत्र वगळावे. त्यांची बाजू हलकी नाही. येथील शाळा आणि वाचनालय त्यांच्या नावावर उभे आहे. मुलांपुढे आदर्श ठेवावयाचा तर तो डाग दाखवून कशाला ठेवावा?

त्यांच्या म्हणण्यातील एक भाग मला मान्य आहे. त्या बाईंचे वंशज हयात आहेत. त्यांचे नाव छापून त्यांचे दैन्य चव्हाट्यावर मांडण्याचा मला अधिकार नाही. ते नाव मी गाळीन, आणि गाळले आहे असे तेथेच नमूद करीन. पण जिवंत माणसाची लाज राखण्यासाठी गाळणे निराळे आणि मृताची कीर्ती राखण्यासाठी गाळणे निराळे. पहिल्यात दया आहे. दुसऱ्यात, खरे सांगावयाचे तर, आपला स्वार्थ आहे. पुढाऱ्याची मूर्ती उंच झाली की तिच्या पायाशी उभे राहणाऱ्या आपली सावलीही लांब पडते. निवृत्त माणसास हा मोह विशेष. त्याचे पद गेलेले असते. मग तो थोरांच्या आठवणीत आपले पद शोधू लागतो. मीही त्यास अपवाद नाही.

शिवाय डाग नेमका कशाला म्हणावयाचे? वचनभंग कोणाच्याही हातून घडतो. तो स्वहस्ते लिहून ठेवणारा विरळा. ते पत्र वगळले तर त्यांची चूक झाकेल, पण तिच्याबरोबर त्यांचे सर्वांत मोठे धैर्यही झाकेल. ज्यांनी आपली चूक लपविली नाही, त्यांच्या वतीने ती लपविणारा मी कोण?

हे मी मंडळींस सांगितले. ती विचार करून कळवितो म्हणून गेली. अद्याप उत्तर आलेले नाही. पेटी माझ्याच घरी आहे. कडुनिंबाचा पाला घालून मी ती उंच फळीवर ठेविली आहे. वाळवी आणि पावसाची ओल यांपासून कागद राखणे माझ्या हाती आहे, तेवढे मी करीत आहे. उरलेले राखणे मात्र एकट्याचे काम नव्हे.