बिनरंगाची कड

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड आहे. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधलं प्लुटोनियम इथंच तयार झालं. त्या उद्योगाचा किरणोत्सारी कचरा अजून तिथल्या जमिनीत आहे. काही कचरा काँक्रीटमध्ये बंदिस्त करून पुरतात. त्यातलं युरेनियम किती काळ आत राहील, याचा शोध घेणाऱ्या एका तरुण संशोधिकेची ही गोष्ट.

तिनं नळ्या भरल्या होत्या. अर्ध्या भागात युरेनियम मिसळलेलं काँक्रीट, अर्ध्यात तिथलीच माती. काही महिन्यांनी मातीच्या चकत्या कापून तपासल्या, तर युरेनियम जेमतेम सरकलेलं. कारण उघड होतं. सिमेंटमधलं पाणी कमालीचं अल्कधर्मी, पीएच १२.५ च्या आसपास. अशा पाण्यात युरेनियम फारसं विरघळत नाही. कॅल्शियम आणि सिलिकाशी जोडलं जाऊन त्याची खनिजं होतात. तिनं आलेखाची रेघ थेट १००० वर्षांपर्यंत ओढली आणि अहवाल वडीलधाऱ्या सहकाऱ्यापुढे ठेवला.

त्यानं उघड्यावर पडलेला काँक्रीटचा एक जुना तुकडा आणून फोडला आणि ताज्या भंगावर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं; अल्कधर्मी भागात ते गुलाबी होतं. मधला भाग गडद गुलाबी झाला. बाहेरची बोटभर कड करडीच राहिली.

"इथं काय झालंय?"

"कार्बोनेशन. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं चुन्याचं कार्बोनेट झालं. अल्कधर्म गेला."

"हा वायू मातीतही असतो. ही कड युरेनियमपर्यंत पोचली की?"

ती गप्प झाली. कार्बोनेट युरेनियमला पाण्यात विरघळवून वाहून नेतं, हे तिला ठाऊक होतं. आलेखात मात्र ते धरलं नव्हतं.

तिचा निष्कर्ष चुकीचा आहे असं तो एकदाही म्हणाला नाही. तो चुकीचा नव्हताच, अपुरा होता. एवढा फरक जपून बोलणारी माणसं थोडी असतात.

मग तो तिला नदीकाठी '३०० एरिया'तल्या विहिरींपाशी घेऊन गेला. अणुइंधन बनवताना निघालेलं युरेनियमयुक्त सांडपाणी इथं वर्षानुवर्षं मातीत सोडलं जाई.

"१९९६ साली अंदाज होता, की भूजलातलं युरेनियम ३ ते १० वर्षांत आपोआप पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेखाली येईल. ती मुदत कधीच उलटली. नदी चढली की पाण्याच्या पातळीवरच्या मातीत अडकलेलं युरेनियम पुन्हा सुटतं. अंदाज करणारे हुशार होते गं. त्यांनी पाणी नीट पाहिलं, माती पुरती पाहिली नाही."

परतल्यावर तिनं मोजमाप जिथं संपलं होतं तिथं रेघ तोडली. नव्या नळ्या भरल्या, या वेळी आधीच कार्बोनेशन घडवून आणलेल्या काँक्रीटच्या. अहवाल लांबला, वरिष्ठांची नाराजी ओढवली. तिनं ती सोसली.

युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षं आहे; नुसती वाट पाहून ते संपत नाही. आणि ३०० एरियातलं युरेनियम आपोआप गेलं नाही. २०१५ साली जमिनीत फॉस्फेट सोडून त्याला सहज न विरघळणाऱ्या खनिजांत बांधायचं काम हाती घ्यावं लागलं.