बोजारा

आमच्या वऱ्हाडात सालगड्याचं साल गुढीपाडव्याला सरतं आणि त्याच सणाला नवं बोललं जातं. बोलणी ओसरीवर होतात. मधात एक-दोन जाणती माणसं बसतात. वर्षाच्या रोखीचा आकडा ठरतो, पण बोलणं तिथं थांबत नाही. महिन्याची ज्वारी किती, गहू किती, कपडे किती, पायात जोडा, पावसाळ्याला घोंगडी, पोळ्याला काय, दिवाळीला काय, पोरीचं लग्न निघालं तर उचल किती, हे सगळं त्या आकड्याच्या वर असतं. कंपनीतली माणसं याला भत्ते, सवलती, बोनस म्हणतील. आमच्याकडं जुनी माणसं नुसतं 'वरचं' म्हणत.

हे वरचं कुणाचं, याचा मी पुष्कळ वर्षं विचार करत आलो. देणाऱ्याच्या मनाच्या मोठेपणाचं, की घेणाऱ्याच्या घामाचं? मालकाला विचारा, तो म्हणेल, मी देतो म्हणून त्याला मिळतं. गड्याला विचारा, तो बहुतेक काही बोलणारच नाही. त्याचं न बोलणं हेच मला या प्रश्नाचं मूळ वाटतं.

शहरातल्या वाचकांना बोजारा माहीत नसेल. पोळ्याच्या दिवशी बैल सजवून, तोरणाखालून फुटले की गडी ते घरोघरी नेतो. घरची बाई बैलांच्या पायावर पाणी घालते, ओवाळते, पुरणपोळीचा घास देते आणि गड्याच्या हातात पैसे ठेवते. तो बोजारा. गडी मागत नाही, फक्त बैलांचा कासरा धरून दारात उभा राहतो. पण त्या दिवशी त्याला कुणी भिकारी समजत नाही. वर्षभर बैलांमागं चालला त्याचं ते आहे, हे सगळ्या गावाला मान्य असतं. सरव्याचंही तसंच. पीक उचलल्यावर वावरात पडलेली कणसं, बोंडं गोरगरीब बाया वेचून नेत. शहाणा शेतकरी शेवटचं कणीस गोळा करायला स्वतः जात नसे. या रीती कुणी कागदावर लिहिल्या नव्हत्या, तरी मोडणाऱ्याला गाव नावं ठेवत असे.

म्हणून जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. माझ्या लहानपणी सालगड्याला सकाळचा चहा मिळे, पण बहुतेक घरी त्याची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. पाणी मिळे ते वरून ओंजळीत. चहा खरा होता, दूधही त्यात होतं. पण त्या कोनाड्यातल्या कपानं त्याला रोज सांगितलं जाई की तू कोण आहेस. अशा चहाचा हिशेब 'दिलं' या बाजूला मांडायचा की 'घेतलं' या बाजूला? माझ्या मते घेतलं. दोन घोट चहा देऊन त्याची मान खाली घेतली.

उचलीचं तर त्याहून अवघड. अडल्यावेळी मालकच पैसे देतो, बँक गड्याला दारात उभी करत नाही. म्हणून उचल ही वरच्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. पण पुढच्या पाडव्याला ती फिटत नाही, खाडे धरले जातात, आकडा फुगतो आणि माणूस दुसरीकडं साल धरू शकत नाही. देणं फिटेस्तोवर माणूस बांधून ठेवण्याला देशात १९७६ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी दावं न दिसता माणूस बांधला जातो. मी एक साधी परीक्षा लावतो. दिलेलं घेऊन माणूस उद्या 'येतो मालक' म्हणून निघू शकतो का? निघू शकत असेल तर ते देणं. नसेल तर तो नुसता सापळ्यातला दाणा आहे.

गिरण्यांत हीच गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली. आज रविवार सगळ्यांना आपला वाटतो. पण तो मालकानं कनवाळूपणानं वाटला नव्हता, मागून घेतला गेला होता. पुढं १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला, १९६५ मध्ये बोनसचा, १९७२ मध्ये ग्रॅच्युइटीचा. बोनस म्हणजे वर्षाच्या पगाराच्या कमीत कमी ८.३३ टक्के, साधारण एका महिन्याचा पगार. आधी जे मालकाच्या मर्जीवर होतं ते कायद्यात गेलं आणि घेणाऱ्याची मान वर आली.

सालगड्यापर्यंत यातलं काहीच पोचलं नाही. त्याला रविवार नाही. बाजाराच्या दिवशी अर्धा दिवस मिळाला तर मिळाला. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, पण वैरण-पाणी त्या दिवशीही गड्यालाच करावं लागतं.

आणि काही गोष्टी तर अशा आहेत की त्यांना वरचं म्हणणंच चूक आहे. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकड्यानं लोकांना विषबाधा झाली, वीसच्या वर माणसं गेली. त्यांत शेतकरी होते, तसे रोजानं फवारणारे मजूरही होते. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, औषधाचा फवारा तोंडावरच येई. त्यानंतर तोंडाला मास्क, हातमोजे, अंगभर कपडे यांची चर्चा झाली. एका बैठकीत एक शेतकरी म्हणाला, "मजुराला एवढं सगळं द्यायचं म्हणजे फारच झालं." मला ते ऐकून राहवलं नाही. बैलाला सरकीची ढेप घालतो तेव्हा आपण म्हणतो का, त्याला सवलत दिली? मोटारीला ग्रीस लावतो तो काय तिच्यावर उपकार? मास्क, साबण, प्यायला चांगलं पाणी, दुपारची सावली, साप चावला तर दवाखान्यात न्यायला गाडी, हा शेतीचा खर्च आहे. बियाण्याच्या रांगेत लिहायचा.

रोजगार हमीच्या कामावर पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असली पाहिजे, असा २००५ च्या कायद्यानं नियम केला. सहा वर्षांखालची पाच पोरं बायांबरोबर आली, तर त्यांना सांभाळायला एक बाई ठेवायची आणि तिला मजुरी द्यायची, हेही त्यात सांगितलं. सरकारच्या कामावर हे नेहमी पाळलं जातं असं नाही. पण निंदणाला आलेल्या बाईचं लेकरू आपल्या धुऱ्यावर झोळीत रडत असतं, तेव्हा हा नियम आपल्या वावरातही आठवायला हरकत नाही.

आणखी एक. शेतकरी अपघातात किंवा सर्पदंशानं गेला तर सरकारच्या योजनेतून दोन लाख मिळतात. पण त्यासाठी घरात सातबारा लागतो. रात्रीची लाईन आली की ओलिताला अंधारात जाणारा बहुतेक वेळा गडीच असतो, आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव नसतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा मिळतो. गड्याला बँकेत नेऊन तो अर्ज भरून देणं आणि दर वर्षी वीस रुपये आपण भरणं, हे मला जोडा-घोंगडीच्या आधीचं वाटतं.

पण माणूस काही बैल नाही, म्हणून त्याला विचारावंही लागतं. काही वर्षांमागं मी आमच्या गड्यासाठी रीतीप्रमाणं धोतरजोडी आणली. तो हसला आणि म्हणाला, "मालक, धोतर आता कोन नेसते? मले पोराच्या फीले पैशे द्या ना." बरोबर होतं त्याचं. काय द्यायचं हे आपणच ठरवायचं, आणि त्यानं ते डोक्याला लावून घ्यायचं, यात देणाऱ्याचंच समाधान जास्त.

आता कुणी म्हणेल, आमच्याच कापसाला भाव नाही, आम्हाला कोण बोनस देतं? हा प्रश्न खोटा नाही. मी स्वतः शेतकरी आहे. खर्च न निघालेली सालं मी मोजली तर निघालेल्यांपेक्षा जास्त भरतील. पण नापिकीचा वाटा आपण गड्याला देतो, तसा चांगल्या सालाचा देतो का? कापूस वधारला त्या वर्षी किती जणांनी सालाचा आकडा वाढवला? तोटा वाटून घ्यायचा असेल तर नफाही वाटावा लागतो. नाहीतर बोललेलं तरी पाळावं.

एका वर्षी बोंड सडलं आणि घरात फार तंगी आली. दिवाळीला आम्हा भावंडांना कपडे झाले नाहीत, गड्याचे मात्र आले. आम्ही रुसलो तर वडील एवढंच म्हणाले, "त्याचे कपडे पाडव्याले बोलले हायेत. तुमचे बोलले नाही." त्यात दानधर्माचा सूर नव्हता. देणं होतं, ते दिलं.

मजुरी थकवून दिवाळीला मिठाईचा डबा देणारे मालक गावातही आहेत आणि शहरातही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मजुरी, वेळेवर. मग जीव सांभाळायची सामग्री. मग बोललेलं आणि रीतीचं. एवढं झाल्यावर मन मोठं असेल तर त्याच्या वरचं. आमची माय गड्याच्या बायकोला बाळंतपणात डिंकाचे लाडू आणि खोबरं नेऊन द्यायची. ते पाडव्याला कुणी बोललेलं नसायचं आणि पुढं कधी कुणी काढूनही दाखवलं नाही. त्याला खुशाल देणगी म्हणा. बाकीचं सगळं त्याचंच होतं.