तिच्या हातच्या भाकरी

आम्ही पाच जणी. सोळा वर्षं झाली, रविवारी संध्याकाळी मोहोळात कुणा एकीच्या ओसरीवर जमतो. दोघी शाळेतल्या बाई, त्यातली मी आता निवृत्त. एक बँकेतून निवृत्त झालेली, एकीचं औषधांचं दुकान. आणि पाचवी? कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो, "ती घरीच असते."

गप्पा घरच्याच. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या लेकाची पुण्यातली नोकरी आणि फ्लॅटचे हप्ते, बोअरचं खाली गेलेलं पाणी, सांडगे-कुरडयांना कुठल्या आठवड्यात ऊन बरं मिळेल, कणगीतल्या ज्वारीला पोरकिडे लागलेत त्याला काय करायचं. ज्वारी मोहोळकरांना जवळची. रब्बीला जिकडेतिकडे पेरली जाणारी मालदांडी 35-1 ही 1930च्या दशकात मोहोळलाच, इथल्या गावरान ज्वारीतून निवडलेली आहे. त्या मालदांडीची कडक भाकरी आमच्या पाचवीसारखी कुणालाच जमत नाही. हातावर थापलेली, कागदासारखी पातळ, तव्यावर वाळवून पापडासारखी कडकडीत केलेली. महिनाभर टिकते. या भाकरीमुळेच आजचा लेख लिहावा लागतो आहे.

दिवाळीत बँकवालीची लेक स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून आली होती. जाताना म्हणाली, "मावश्यांनो, मेमध्ये सगळ्या या. फिरवून आणते." त्या रविवारपासून आमच्या ओसरीवर स्कँडिनेव्हिया आला. कोपनहेगनला उतरायचं, 2000 साली झालेल्या ओरेसुंडच्या पुलावरून समुद्र ओलांडून रेल्वेने स्वीडनमध्ये शिरायचं, पुढे ऑस्लो, ऑस्लोहून बर्गेनची ती डोंगरातली जुनी रेल्वे, फ्योर्डमधली बोट. जमलं तर अगदी उत्तरेला, मध्यरात्रीचा सूर्य बघायला. भूगोल शिकवणारीने वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने कललेली पृथ्वी काढून दाखवली. नॉर्डकॅपला, 71 अंशांवर, मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळत नाही. मोहोळ 18 अंशांच्याही खाली.

पाचवी मन लावून ऐकत होती. तिने विचारलं, "मग तुळशीपाशी दिवा कधी लावायचा?"

आम्ही हसलो. आज वाटतं, त्या संध्याकाळी विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. जागा डोळ्यांनी बघायच्या आधी ती तिथे जगून बघत होती.

मग कागदपत्रं सुरू झाली. तिन्ही देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा, फी 90 युरो, प्रवासाचा विमा किमान 30,000 युरोंचा. अर्ज करणाऱ्याला एक गोष्ट पटवून द्यावी लागते, ती म्हणजे तुम्ही परत येणार. तुमचं घर, शेती, नोकरी, माणसं, जे तुम्हाला मागे खेचतं त्याचे कागद जोडायचे. कुणी सातबारा काढला, कुणी आयकराची विवरणपत्रं शोधली, कुणी रजेचं पत्र. सोय म्हणून बँकवालीने मोबाइलवर वेगळा ग्रुप केला. त्यात चौघीच होतो.

पाचवीला का घेतलं नाही? तिची सासू चार वर्षं अंथरुणावर आहे. पक्षाघाताने डावी बाजू गेली, बोलणं जड झालं, समज मात्र पूर्ण शाबूत. पाठीला चट्टे पडू नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. त्यामुळे तिला यायला जमणार नाही, हे आम्ही धरूनच चाललो. वर असंही बोललो की तिच्यासमोर रोज तिकिटांचं काय बोलायचं, उगीच तिच्या जिवाला लागेल. रविवारच्या गप्पांत नॉर्वेचं नाव निघेनासं झालं. तिनेही विचारलं नाही. आम्हाला वाटलं, विसरली असेल.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सामानाच्या याद्या झाल्या. तिकडचं जेवण महाग, आणि आमच्यातल्या दोघी माळकरी. दुधामांसाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत. शेंगांच्या चटणीला आणि कडक भाकरीला अडचण नाही. फोन मीच केला. "अगं, जरा कडक भाकरी करून देशील का? शंभर-एक लागतील."

ती म्हणाली, "देते की. किती दिवसांच्या लागतात?" थोडं थांबली. मग विचारलं, "कधी निघताय?"

माझ्याकडून उत्तर गेलं नाही. तिच्या हातच्या भाकरी आम्हाला न्यायच्या होत्या, तिला न्यायचं नव्हतं. बरं, हे आम्ही दुष्टपणे केलं नव्हतं. उलट तिला जपायचं म्हणून केलं होतं, आणि तेच मला आठवडाभर टोचत राहिलं. तिला वाईट वाटू नये असं आम्ही म्हणत होतो. खरं तर वाईट आम्हाला वाटू द्यायचं नव्हतं. "येतेस का?" असं विचारलं असतं तर ती कदाचित "यायचंय" म्हणाली असती. मग तिच्या घरचं काय, हा प्रश्न आमच्या पाचही जणींचा झाला असता. न विचारल्यामुळे तो तिच्या एकटीचा राहिला.

माणसाला नकार देण्याआधी निदान विचारलेलं तरी असतं. तिला आम्ही "नाही" म्हणायचीही संधी ठेवली नाही. तिचं "नाही" आम्हीच म्हणून टाकलं.

आणि आम्हीच कशाला, गाव तिच्या तोंडावर म्हणत आलं आहे, "तुझं पंढरपूर घरातच आहे." मीही म्हटलंय. पंढरपूर इथून 40-एक किलोमीटर. पुंडलिकाची गोष्ट आमच्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. पण ती गोष्ट आम्ही अर्धी ऐकतो. आईवडिलांचे पाय चेपत बसला होता तो पुंडलिक, त्यांचा पोटचा लेक. देव दाराशी आला तेव्हा वीट फेकून "थांब" म्हणाला, तोही लेकच. मायबापाला आधी दुखवून नंतर भानावर आलेला लेक. आमच्या घरांत मात्र पुंडलिकाचं नाव लेकाला लागतं आणि पाय सून चेपते. तिचा नवरा वाईट माणूस नाही. सज्जन आहे, कष्टाळू आहे, आईवर त्याचा जीव आहे. रोज संध्याकाळी शेतातून आला की उशाशी बसतो, कपाळावरून हात फिरवतो, डोळे भरून येतात त्याचे. पण कूस कशी बदलायची, आईला गिळता यावं म्हणून भाकरी दुधात किती मऊ कुस्करायची, हे त्याला चार वर्षांत माहीत झालेलं नाही. माया त्याच्या वाट्याची, काम तिच्या वाट्याचं.

कायदासुद्धा असं सांगत नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा उघडून पाहा. जबाबदारी कुणाची, तर मुलगा, मुलगी, नातू, नात यांची. सुनेचं नाव त्यात नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात. जे पुरुष घरकामाला हात लावतात ते 88. हे आकडे वाचताना आपण देशाचा विचार करतो. मी पाच ओसऱ्यांचा केला. पाचही घरांत हिशेब तोच लागला, माझ्या घरातसुद्धा. मी शाळेत शिकवायला जात होते तेव्हा माझ्या आजारी सासऱ्यांचं कोण करत होतं? माझी जाऊ. ती "घरीच असायची".

जिथे आम्ही निघालो होतो त्या देशांत डोंगर आणि बर्फाखेरीज बघण्यासारखं आणखी काही आहे. बँकवालीची लेक सांगत होती की भर दुपारी, कामाच्या वारी, बाप एकटाच बाबागाडी ढकलत हिंडताना दिसतो आणि कुणी वळून पाहत नाही. स्वीडनने 1974 मध्ये बाळंतपणाची रजा आईपुरती न ठेवता आईबाप दोघांची केली. आज ती 480 दिवसांची आहे, आणि त्यातले 90 दिवस प्रत्येकाचे स्वतःचे. बापाने घेतले नाहीत तर ते आईला देता येत नाहीत, बुडतात. नॉर्वेने बापाचा वेगळा वाटा 1993 मध्येच ठरवून दिला. आजाऱ्यांच्या बाबतीत तर स्वीडनच्या कायद्यात 2009 पासून स्पष्ट लिहिलं आहे की घरच्या आजारी किंवा वृद्ध माणसाची सेवा करणाऱ्या नातेवाइकाला आधार देणं हे नगरपालिकेचं काम. सेवा करणारीलाही थकवा येतो, हे तिथे सरकारी कागदावर आहे.

औषधांच्या दुकानवाली म्हणाली, "पण तिकडे म्हातारी माणसं एकटी पडतात गं." तिचं खोटं नाही. कोरोनात तिथल्या वृद्धाश्रमांमध्ये फार माणसं गेली, आणि सरकारने नेमलेल्या आयोगानेच डिसेंबर 2020 मध्ये सांगितलं की वृद्धांचं रक्षण करण्यात देश कमी पडला. मला तिकडचा स्वर्ग दाखवायचा नाही. माझ्या मैत्रिणीच्या सासूला एकटं वाटत नाही, रात्री हाक मारली की ओ येते, हे मोहोळचं मोठं धन आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या हाकेला ओ देणारी चार वर्षं एकच बाई आहे. ती चार वर्षांत सलग तीन तास झोपलेली नाही, हे मला त्या फोननंतर कळलं. सोळा वर्षांची मैत्री, आणि हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. तिची सासू कशी आहे हे मात्र दर रविवारी विचारत होते.

शेवटी आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. रविवार नव्हता, मुद्दाम मधल्या वारी गेलो. ग्रुपचं सांगून टाकलं, माफी मागितली. ती रडली नाही, रागावलीही नाही. पीठ मळत होती, मळत राहिली. म्हणाली, "मला माहीत होतं. तुमच्या पोरींनी फोनवर फोटो टाकले होते तिकडच्या कपड्यांचे."

मग भूगोलवालीने जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. "तुला यायचंय का?"

ती गप्प बसली. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. जड जिभेने, एकेक शब्द तोडत. "आत्याबाई बोलावतायत," म्हणून ती उठली, मागोमाग आम्ही. म्हातारी आमच्याकडे बघत म्हणाली, "हिला... कुनी इचारलंच न्हाई. मलाबी न्हाई." मग उजवा हात उचलून दारात उभ्या लेकाकडे दाखवलं. "ह्यो हाय की."

तो दारातच उभा होता, खांद्यावर टॉवेल. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. तो म्हणाला, "मला येत नाही काही." आई म्हणाली, "शिक."

आम्ही त्या म्हातारीच्या नावावर किती ठरवलं होतं! तिला चालणार नाही, तिला सून लागते, परक्या हाताचं ती घेणार नाही. तिची समज शाबूत आहे असं आम्हीच सगळ्यांना सांगायचो, आणि चार वर्षांत तिला एकदाही, "आत्याबाई, तुम्हाला काय वाटतं?" असं कुणी विचारलं नव्हतं. आजारी माणसाच्या भोवती बसून त्याच्याबद्दल बोलण्याची आपल्याला इतकी सवय आहे की ते माणूस ऐकत असतं हे आपण विसरतो.

पुढे सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालेलं नाही. मैत्रीण म्हणते, या मेमध्ये नको, आधी यांना जमतंय का बघू. बार्शीची नणंद पंधरा दिवस येऊन राहायला तयार आहे. अंघोळीचं आणि कपड्यांचं ती बघेल, कारण लेकाकडून ते करून घ्यायला म्हातारीला संकोच वाटतो, आणि तो तिचा हक्क आहे. सोलापूरहून रात्रपाळीची मदतनीस मिळते का याची चौकशी चालू आहे. आम्ही चौघींनी तिकिटं काढलेली नाहीत. एकीच्या घरचे म्हणाले, एवढ्यासाठी सगळ्यांचा बेत पुढे ढकलायचा का? आम्ही म्हटलं, हो. मध्यरात्रीचा सूर्य पुढच्या मेमध्येही असेल.

तिच्याकडे पासपोर्ट नाही. गेल्या आठवड्यात मी आणि ती मिळून फॉर्म भरायला बसलो. व्यवसायाच्या रकान्यापाशी ती अडली, माझ्याकडे बघितलं. "गृहिणी" लिहिलं, कारण फॉर्मला तेवढंच चालतं.

तिचा नवरा पंधरा दिवस झाले रात्रीची दोन वाजताची आणि चार वाजताची कूस बदलतो आहे. पहिल्या रात्री त्याला वीस मिनिटं लागली आणि आई कण्हली. आता पाच मिनिटांत होतं. परवा सकाळी सातला मी तिच्या दारावरून गेले तेव्हा दार लोटलेलं होतं आणि ती अजून झोपलेली होती.